टांगलेली काठी

यारेली चर्चमध्ये शिरली ती देवासाठी नाही, गारव्यासाठी. सीमेवरच्या लारेडोत ऑगस्टच्या दुपारी बसस्टॉपवर उभं राहायचं म्हणजे तव्यावर उभं राहायचं, आणि बसचा पत्ता नव्हता. हातात आईच्या गोळ्यांची पिशवी. आतला एसी म्हातारा झाला होता, मधेच खोकायचा, पण जिवंत होता. ती मागच्या बाकावर टेकली, चपला काढल्या, तळवे फरशीला लावले आणि डोळे मिटणार एवढ्यात सवयीनं नजर उजवीकडच्या भिंतीवर गेली. नवसाची भिंत. माउलीच्या मूर्तीपासून दारापर्यंत नुसते खिळे आणि खिळ्यांना लोकांची दुखणी: पत्र्याचे पाय, पत्र्याचे डोळे, रिबिनीसकट कापलेल्या वेण्या, बाळांचे बूट, कुबड्या, लढाईवरून परत आलेल्या पोरांचे फोटो. आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी, तिच्या आईची काठी. आजोबांनी रानातल्या मेस्कीटची फांदी तोडून, काटे तासून, मुठीपाशी वाकवून केलेली. ती ओळखायला यारेलीला डोळे उघडायचीसुद्धा गरज नव्हती. पण आज काठीला काहीतरी लोंबत होतं. ती चपला हातात घेऊन तशीच अनवाणी उठली, जवळ गेली. हिरव्या रिबिनीनं एक फोटो बांधलेला. फोटोत कुकोकाका, दुकानातला ॲप्रन घालून, किल्ल्यांचा जुडगा कानाशी धरून हसतायत. आणि ती रिबीन यारेलीनं दर नाताळला सोडलेली होती. मिनर्वामावशी त्याच रिबिनीनं तामालेंची, मक्याच्या पिठाच्या खाऊची, पुडकी बांधते.

म्हणजे मावशीनंही मागितलं. आणि मागताना नुसतं माउलीकडे नाही मागितलं, आईच्या काठीकडे मागितलं. हिचं झालं तसं माझ्या नवऱ्याचंही होऊ दे. यारेलीला पहिल्यांदा राग आला, तिला नेहमी पहिल्यांदा रागच येतो, बाकीचं मागून येतं. कुणावर आला ते तिला कळेना. रिबीन सोडून फोटो खिशात टाकावा असं वाटलं. पण या भिंतीवरचं काही उतरवायचं नसतं. वाहिलेलं ते वाहिलेलं. परत घेतलं तर गेलेलं दुखणं जोडीदार घेऊन येतं, असं तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं, कुणी सांगितलं ते आठवत नाही, गरम भांड्याला हात लावू नये हे कोण सांगतं तसंच. बाहेर बस आली आणि गेली. ती चपला हातात घेऊन उभीच.

पुढची बस आली तेव्हा ती खिडकीशी बसली आणि कपाळ काचेला लावलं. काच तापलेली होती, तरी काढलं नाही. जानेवारीतला तो दिवस आठवायचा नाही असं ठरवलं की तोच पहिला येतो. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता, इथं वर्षातून दोनचारदा सुटतो तसा, हाडं वाजवणारा. आई, ती, आणि मिनर्वामावशी तिघी पुलावरून सीमेपलीकडे गेल्या होत्या, दात काढायला जातात तशा. स्वस्त पडतं म्हणून सगळं लारेडो दात पलीकडेच काढतं, त्यामुळे क्लिनिकला जाणंही काही भलतं वाटलं नव्हतं. पांढऱ्या फरशा, माशांची टाकी, भिंतीवर गोल गोल पेशींची चित्रं, द्राक्षांसारखी. डॉक्टर तरुण, दात फार पांढरे. तो आईला म्हणाला होता, "या पेशी अजून कोरी पाटी आहेत, सेन्योरा. शरीरात जिथं मोडलंय तिथं आपोआप जातात आणि जे नाही ते होतात." यारेलीनं विचारलं होतं, "आणि वाट चुकल्या तर?" तो हसला होता. आई हसली नव्हती, तिनं यारेलीला चिमटा काढला होता. इकडच्या डॉक्टरणीनं आधीच सांगितलं होतं, मेंदूतून पायाकडे जाणाऱ्या तारांवरचं वेष्टन कुरतडलं जातंय. कोण कुरतडतं? तुमचंच शरीर, शत्रू समजून. मूळ पेशींचं म्हणाल तर मोठ्या हॉस्पिटलांत निवडक लोकांवर तपासून बघतायत, सगळ्यांना लागू पडत नाही, तुमचा आजार ज्या टप्प्यावर आहे त्याला तर कठीणच. पलीकडे जाऊन टोचून घेऊ नका. डॉक्टरीण चांगली होती. पण ती 'नका' म्हणाली, आणि पांढऱ्या दातांचा 'या' म्हणाला. दमलेल्या माणसाला कोणता शब्द आवडेल?

आणि आई खरंच दमली होती. लोकांना वाटतं हा पायांचा आजार आहे. पाय नंतर. आधी थकवा. सकाळी उठल्या उठल्या, काही न करता, दिवसभर विटा वाहिल्यासारखा. आई म्हणायची, "ओल्या गोधडीत गुंडाळून कुणीतरी वर बसलंय." त्या दिवशी त्या टोचण्या झाल्या, त्याआधी नर्सनं आणखी एक सुई दिली, कसली ते सांगितलं नाही, आणि मग खोलीत तासभर पडून राहायला सांगितलं. खोली अशी गार की यारेलीनं मावशीच्या शालीत हात घातले. तासानं आई उठली आणि चालली. काठी खुर्चीला टेकवलेली, ती तिथंच, आणि आई माशांच्या टाकीपर्यंत गेली, काचेवर बोट लावलं, वळली, परत आली. मिनर्वामावशी जमिनीवर गुडघे टेकून रडायला लागली. यारेलीपण रडली. म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आईनं काठी वाहिली. नवस झाला की लगेच फेडायचा. थांबून बघणं म्हणजे माउलीला 'जरा दाखव बरं आणखी' म्हणणं. आई वाऱ्यात स्वतःच्या पायांनी चर्चच्या पायऱ्या चढली, आणि पाद्रीबाबांनी खिळा मधोमध ठोकून दिला.

मग उन्हाळा आला. लारेडोत तो मार्चमध्येच येतो. यारेलीला कळलं ते सुपरमार्केटात. आई गोठवलेल्या मटाराच्या रांगेत बरी चालायची, आणि पावाच्या रांगेत आली की ढकलगाडीला लोंबकळायची. परत मटाराकडे, परत बरी. यारेलीनं हे तीनचार आठवडे बघितलं आणि मग एके दिवशी गाडीवर हात ठेवून तिथंच उभी राहिली, कारण सगळं उलगडलं होतं: ती गार खोली, तो उत्तरेचा वारा. ऊन लागलं की त्या कुरतडलेल्या तारा आणखीच बंद पडतात. डॉक्टरणीनं हेही सांगितलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं होतं! कोऱ्या पाट्या कुठंच गेल्या नव्हत्या. थंडी होती, एवढंच. आणि ती सुई.

पण काठी भिंतीवर. नवी आणायची तर अख्खी गल्ली बघणार: ओफेलियानं वाहिली आणि पुन्हा घेतली. म्हणजे माउलीनं केलं नाही? की केलेलं मोडलं? आई म्हणाली, मला काठी लागत नाही. तिला भिंत लागायची. घरात मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत कमरेच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला. आणि बाहेर जायचं झालं की तिला यारेली लागायची. उजव्या खांद्यावर हात, जणू लाडानं टाकलाय. चर्चच्या पायऱ्यांवर बायका म्हणायच्या, "किती माया बघा! माझी पोरगी तर चार हात लांबून चालते." आणि आई हसायची, आणि तिची पाचही बोटं यारेलीच्या हाडात रुतायची. मार्चमध्येच यारेलीनं शाळा सोडली. सगळ्यांना वाटलं पोरगी वाया गेली, मास्तरणीशी भांडून निघून गेली. भांडण झालं होतं हे खरं. पण तिला मास्तरणीशी भांडायला कधीच कारण लागलं नव्हतं. कारण हे होतं की काठी शाळेत जाऊन बसली तर घरात चालायचं कुणी.

घराच्या दारात किल्ली नेहमीसारखी अडली. ती कुकोकाकांनी केलेली, गेल्या वर्षीची, हात थरथरायला लागले होते तेव्हाची. एक दात किंचित जास्त घासला गेलाय. वर उचलून, डावीकडे दाबून, शिवी देऊन मगच उघडतं. गल्लीत निम्म्या घरांच्या किल्ल्या अशाच, आणि एकानंही त्यांना सांगितलेलं नाही. आत मिनर्वामावशी स्वयंपाकघरात बसलेली, पुढ्यात जास्वंदीच्या सरबताचा पेला, घामानं केस कानाला चिकटलेले, आणि चेहरा असा की लग्न ठरलंय. आई टेबलापलीकडे. आईचे केस कपाळावर ओले होते, आणि फ्रीझरचं दार नीट लागलेलं नव्हतं. यारेलीला बघायची गरजच नव्हती. मावशीची हाक ऐकू आली की आई फ्रीझर उघडून त्यात डोकं घालून बसते, मग तिला दारापर्यंत चार पावलं मिळतात.

"आली गं बाई माझी वाघीण!" मावशी म्हणाली. "ये, बस. तुझ्या आईला सांगत होते, आमचंही ठरलं. सोमवारी पलीकडे."

"काय ठरलं?"

"काय म्हणजे! तुझ्या काकाचं. त्याच डॉक्टरकडे. म्हणाला, कंपवाताला तर आणखी चांगला गुण येतो."

"तो डॉक्टर टकलालासुद्धा चांगला गुण येतो म्हणेल," यारेली म्हणाली.

"यारेली," आई म्हणाली.

"बोलू दे गं. हिच्या जिभेला हाड नाही, पण मन सोन्याचं आहे." मावशीनं सरबत संपवलं. "उद्या दुपारी एक माणूस येतोय किल्ल्यांचं मशीन विकत न्यायला, डॉक्टरचे पैसे भरायचेत ना. कुको म्हणाला, बाई, मशीन विकलं तर बरा होऊन करू काय? मी म्हटलं, बरा हो, मग दुसरं घेऊ. ओफेलिया, तो माझ्यासमोर रडला गं. चमचा तोंडापर्यंत नेताना. एवढा मोठा पुरुष. मी रोज चर्चमध्ये जाते, तुझी काठी बघते, आणि मला धीर येतो."

आई सरबताच्या रिकाम्या पेल्याकडे बघत होती. यारेली फ्रीझरला पाठ लावून उभी राहिली आणि वाट बघू लागली. बोल. आता बोल. ओठ हलले तर तिला लांबूनही दिसलं असतं. आई म्हणाली, "देव करो आणि तसंच होवो." बस्स. मावशी उठली. रीत अशी की पाहुणीला दारापर्यंत पोचवायचं, दारात दोन्ही गालांना गाल लावायचे, फाटकाशी आणखी थोडं बोलायचं. आईनं टेबलावर तळवे टेकले आणि हळूच म्हणाली, "पोरी, इकडे ये जरा."

यारेली हलली नाही.

आईनं तिच्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. फ्रीझर पाठीत घुमत होता. मावशी पर्स शोधत होती, तिला यातलं काही कळत नव्हतं. आई तळव्यांवर जोर देऊन अर्धी उठली आणि परत खुर्चीत बसली, जणू उठायचंच नव्हतं. "इथूनच निरोप देते गं मिनर्वा," ती हसून म्हणाली, "आज ऊन फार आहे."

"बस तू, बस! मी काय परकी आहे?" मावशी तिच्या कपाळाची पापी घेऊन गेली. तिची चप्पल फाटकापर्यंत वाजत राहिली.

मग आई म्हणाली, "बरं वाटलं?"

"नाही."

"मग कशाला केलंस?"

"तू कशाला केलंस? तिनं काकाचा फोटो तुझ्या काठीला बांधलाय, माहितीय तुला? त्याच हिरव्या रिबिनीनं."

आईला माहीत नव्हतं. यारेलीला ते लगेच दिसलं, आणि तिला आणखी वाईट वाटलं, कारण आईला माहीत असतं तर राग टिकला असता. आई टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांवरून बोट फिरवू लागली.

"पेशी आपल्यात हळूहळू काम करतात म्हणतात," ती म्हणाली. "वर्षभर लागतं एखाद्याला."

"आई. मटाराच्या रांगेत त्या लगेच काम करतात."

आईनं मान वर केली. आपल्यालाही हे कळलेलं आहे, आणि पोरीलाही कळलंय, आणि दोघी इतके दिवस एकमेकींना घेऊन त्याच रांगेतून फिरत होतो, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं. ओरडायला हवं होतं एकीनं तरी. कुणालाच तेवढा दम नव्हता. "मी दमले गं," आई म्हणाली. "आजारानं नाही. बरी असण्यानं दमले." मग टेबलावर डोकं ठेवून तिथंच झोपली, आणि यारेलीनं फ्रीझरमधला मटार फडक्यात गुंडाळून तिच्या मानेवर ठेवला.

सकाळी ऊन चढायच्या आत आई तयार होती. निळा झगा, रविवारचे बूट. म्हणाली, "मिनर्वाला फोन लाव. म्हणावं चर्चमध्ये ये, कुकोला घेऊन ये."

"कशाला ते काय सांगू?"

"काही सांगू नकोस. विचारत बसेल."

चर्चच्या पायऱ्यांवर आईचा हात यारेलीच्या खांद्यावर होता आणि बोटं आज जास्तच रुतत होती. आत फुलंवाली म्हातारी फुलदाण्यांतलं पाणी बदलत होती, बाकी कुणी नाही. मावशी आणि कुकोकाका आधीच आलेले, पुढच्या बाकावर. काका फार वाळले होते. उजवा हात मांडीवर टपटप करत होता, म्हणून त्यांनी त्यावर डावा ठेवला होता, आणि आता दोन्ही करत होते. यारेलीला बघून म्हणाले, "काय वाघीण, माझी किल्ली चालते का अजून?"

"चालते की," ती म्हणाली.

"खोटारडी."

बाकांच्या मधल्या वाटेत आईनं खांद्यावरून हात काढला. एक बाक धरून दुसरा, दुसरा सोडून तिसरा, अशी ती उजव्या भिंतीकडे निघाली. एका बाकाशी गुडघा दुमडला, ती त्यावर ओणवी झाली, थांबली. मावशी उठून धावली. "अगं, काय होतंय? यारेली, धर ना तिला!" यारेली मागोमाग होती, हात पुढे करून, पण लावला नाही. आईनं तसं काही सांगितलं नव्हतं. तरी लावला नाही.

भिंतीशी आल्यावर आईनं वर बघितलं. काठी वर होती, खिळा ठोकणारे पाद्रीबाबा उंच. एक हात भिंतीला लावून तिनं दुसरा उचलला आणि काठीचं टोक धरून वर ढकललं. मूठ खिळ्यावरून सुटली. पत्र्याचे दोनचार पाय एकमेकांवर वाजले.

"ओफेलिया!" मावशी किंचाळलीच. फुलंवालीनं छातीवर क्रुसाची खूण केली. "वेड लागलं का तुला? वाहिलेलं उतरवतेस?"

"उतरवते." आई काठीवर रेलली आणि तिनं श्वास सोडला, इतका मोठा श्वास यारेलीनं उन्हाळाभर ऐकला नव्हता. "मला चालता येत नाही, मिनर्वा. मार्चपासून. ही पोरगी चालवते मला."

"पण मी बघितलं! माझ्या डोळ्यांनी! ते मासे…"

"मीपण बघितलं. थंडी होती तेव्हा."

"तू काल काय म्हणालीस? देव करो म्हणालीस! माझ्या तोंडावर!" मावशीचा चेहरा लाल झाला होता, आवाज छताला लागत होता. "आणि तुझं नाही झालं म्हणून कुणाचंच होऊ नये का? प्रत्येकाचं अंग वेगळं! तुझा विश्वासच कमी पडला असेल! आणि आता हे उतरवून तू, तू माउलीला खोटं पाडतेस!"

आई मूर्तीकडे वळली. तिला वळायला वेळ लागला. "ती कुठं काय बोलली होती?" ती म्हणाली. "तिनं नाही सांगितलं बरी झालीस म्हणून. मलाच घाई झाली." मग तिनं काठीवरची रिबीन सोडायला घेतली. बोटं बधिर, गाठ मावशीची, म्हणजे पक्की. सुटेना. यारेलीला वाटलं दातानं तोडावी. पण कुकोकाका उठून आले होते. त्यांनी थरथरता हात पुढे केला, आईनं भिंतीला टेकून काठी तिरकी करून धरली, आणि दोघांची बोटं त्या एका गाठीवर बराच वेळ चुकत राहिली. मावशी बघत उभी होती. मदतीला ती पुढे झाली आणि का कोण जाणे मधेच थांबली, तोंडावर पदरासारखा रुमाल धरून.

गाठ सुटली. काकांनी स्वतःचा फोटो घेतला, थोडा लांब धरून बघितला. "देखणा होता हो माणूस," ते म्हणाले. मग तो शर्टाच्या खिशात घालायला लागले. एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा खिशाच्या कडेला अडकून आत गेला. "मिनर्वा," ते खिशावर हात ठेवून म्हणाले, "त्या माणसाला फोन कर. म्हणावं मशीन नाही देत."

"आणि मग? मग काय करायचं आपण?" मावशी आता ओरडत नव्हती.

"वाकड्या किल्ल्या," काका म्हणाले.

मावशी रडली. आईकडे न बघता रडली, आणि आईशी बोलली नाही, कदाचित नाताळपर्यंत बोलणार नाही, कदाचित त्यानंतरही. नवऱ्याचा दंड धरून ती बाजूच्या दारानं निघून गेली. भिंतीवर रिकामा खिळा राहिला आणि त्याच्याखाली काठीच्या आकाराचा एक पांढरा पट्टा, तेवढाच भिंतीचा मूळचा रंग. फुलंवाली त्याच्याकडे बघत होती. आता दुपारपर्यंत बातमी गल्लीत.

"चल," आई म्हणाली. "ऊन चढेल."

ती पुढे निघाली. टक, पाय, पाय. टक, पाय, पाय. सावकाश, बघवणार नाही इतकं सावकाश, पण आपली आपण. दारातून उजेड आला तेव्हा तिनं डोळे बारीक केले, पहिल्या पायरीवर काठी टेकवली, चाचपली, पाय ठेवला. यारेली तिच्या डाव्या बाजूला आली आणि पायरी उतरताना तिनं उजवा खांदा खाली केला, हात येईल म्हणून. हात आला नाही. आई दुसऱ्या पायरीवर होती. यारेलीनं खांदा वर करून बघितला. तो थोडा खालीच राहिला. आज शनिवार, सोमवारी शाळा उघडणार होती हे तिला माहीत होतं, आणि आईलाही माहीत होतं, आणि दोघींपैकी कुणी तो विषय काढला नाही. खाली रस्ता आत्ताच तापायला लागला होता. टक, पाय, पाय. यारेली मागे उभी राहून ते ऐकत होती आणि हातांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.